वरचं टेबल

लेक रिळं आणायला बाजारात गेली, तेव्हा दुकानात अजून ऊन होतं. शिंपीणबाई मशीनपुढच्या लांब बाकावर बसून कुणाच्या तरी पँटची तळपट्टी शिवत होत्या.

त्यांच्या डोळ्यातल्या कॅन्सरच्या गाठीवर डॉक्टरांनी किरणांची चकती बसवली होती, आणि त्यासाठी डोळा फिरवणारा स्नायू सोडवून परत शिवला होता. गाठ गेली, पण डोळा एकीकडे ओढला गेला तो गेलाच. प्रत्येक वस्तू दोनदा दिसू लागली, एक जागेवर, एक जरा वर आणि बाजूला. "माझ्या हाताखाली असते तर उसवायला लावलं असतं डॉक्टरांना," असं म्हणून त्या हसायच्या. दोन सुयांतली खालची खरी, हे त्या बोटं टोचून घेत शिकल्या होत्या.

चकती डोळ्यात होती तेव्हा किरणांमुळे कोणाला जवळ येऊ देत नव्हते. नेमके त्याच दिवसांत त्यांचे यजमान कापड कापता कापता कोसळले. शेवटचं तोंडही बघायला मिळालं नाही. हे दुःख त्यांना आतून खात होतं.

आणि हल्ली कटिंगचं टेबलही दोन दिसायचं. खालचं रिकामं. वरच्या टेबलाशी ते उभे असायचे, पाठमोरे, कापड कापत. लेकीला सांगितलं, तर ती रडकुंडीला आली.

"आई, उद्या ऑपरेशन आहे ना? डोळा सरळ झाला की हे सगळं थांबेल."

तेच तर त्यांना नको होतं.

आज त्यांनी मशीन थांबवलं. कात्रीची करकर मात्र चालूच राहिली. खडूचा वास आला.

"अहो... उद्यापासून मला एकच टेबल दिसणार. एकदा तरी तोंड दाखवा ना..."

कात्री थांबली. ते हळूहळू वळले. तेच तोंड, गळ्यात टेप, मिशीत अडकलेला दोरा. बाईंना हुंदका आवरेना. पण ते त्यांच्याकडे बघत नव्हते. नजर जरा बाजूला, बाकाच्या रिकाम्या टोकाकडे होती. तिकडे बघून ते अगदी घरच्यासारखं हसले.

"इकडे... मी इकडे आहे हो..."

त्यांच्या नजरेत यावं म्हणून बाई बाकावरून तिकडे सरकू लागल्या. थोडंसं सरकल्या आणि अडल्या. खांद्याला एक उबदार खांदा लागला होता.

"आले हं..." त्यांच्याच आवाजात कोणीतरी हळूच म्हणालं, आणि बाक त्या टोकाला एकदम हलका झाला.