दोन किल्ल्यांचं कपाट

कपाटात एकूण एकेचाळीस हस्तलिखितं होती. सव्वीस पूजाविधीची, नऊ कायद्याची आणि सहा प्रार्थनापुस्तकं. पानं सात हजार तीनशे अठरा, सगळी कातड्याची. कुलपं दोन, आणि त्यांच्या किल्ल्या दोन माणसांकडे.

इटलीतल्या मोंतेफोस्को गावात हे असंच चालत आलं होतं. पुस्तकं नगरपालिकेची, ग्रंथालयाची खोली चर्चची, आणि दोघांचा एकमेकांवर काडीचा विश्वास नाही. म्हणून दोन्ही किल्ल्या एकदम फिरल्याशिवाय कपाट उघडत नसे. चर्चची किल्ली पाद्रीबाबांनी ओर्नेल्लाच्या हवाली केली होती. ती रसायनशास्त्रात डॉक्टरेट केलेली, पुस्तकांच्या तपासणीसाठी नेमलेली. नगरपालिकेचे म्हातारे कारकून मार्चमध्ये जिन्यावरून घसरले, पाय मोडून घरी बसले आणि दुसऱ्या दिवशी नऊच्या ठोक्याला त्यांच्या जागी इव्हाल्दो आला... निथळणारी छत्री घेऊन.

"जन्म-मृत्यू नोंदणी विभाग," तो म्हणाला. "पण आज फक्त कुलूप."

"छत्री बाहेर ठेवा."

"तुम्हालाही नमस्कार, डॉक्टरीणबाई."

कुलपं इतकी जवळ की किल्ल्या फिरवताना कोपराला कोपर लागायचंच. पहिल्या दिवशी कपाट उघडायला चार सेकंद लागले. मे महिन्यात दीड मिनिट लागू लागलं. कुलपं तीच होती.

ओर्नेल्ला एका छोट्या यंत्राने पानांच्या कोपऱ्यांवर प्रकाश टाकून मळ मोजायची. बोटं जिथे जास्त थांबली, तिथे पान काळवंडतं.

"माझ्याकडे माणसं जन्मतात, मरतात," इव्हाल्दो तिच्या खांद्यावरून वाकून म्हणाला, "आणि तुम्ही इथे मळ मोजताय!"

"मळ खोटं बोलत नाही. नगरपालिका बोलते."

"बरं, सगळ्यात मळकं पान कुठलं?"

"दातदुखीवरच्या प्रार्थनेचं."

"प्रेमाचं नाही?"

"प्रार्थनापुस्तकात प्रेमाचं पान नसतं."

"अरेरे... मग त्या लोकांनी केलं तरी कसं?"

ती हसली नाही. म्हणजे, यंत्रावर मान खाली घालून हसली. त्या दिवशीचं मोजमाप तिला पुन्हा घ्यावं लागलं.

ऑक्टोबरात अभियंत्याचा अहवाल आला. कपाटामागची भिंत पाणी धरतेय, मोठा पाऊस लागायच्या आत पुस्तकं हलवा. गाडी गुरुवारी येणार होती, बोलोन्या शहरातून, पुस्तकं तिकडे न्यायला. ओर्नेल्लाच्या नेमणुकीत लिहिलं होतं की पुस्तकं जातील तिथे तीही जाईल. तिने हे सांगितलं तेव्हा इव्हाल्दो खिडकीबाहेर बघत राहिला.

"लांब आहे बोलोन्या," एवढंच म्हणाला.

गुरुवारी गाडी आली, हमाल आले... इव्हाल्दो आला नाही. फोन बंद. हमालांनी दुपारपर्यंत सिगारेटी ओढल्या आणि सोमवारी येतो म्हणून निघून गेले. त्यांची गाडी घाट उतरते न उतरते तोच पाऊस सुरू झाला.

शनिवारी सकाळी तो तिच्या दारात उभा होता. हातात भाजलेल्या चेस्टनटची गरम पुडी.

"आजारी होतास?" ती पहिल्यांदाच अरे-तुरेवर आली.

"नाही. किल्ली घेऊन घरी बसलो होतो."

"काय?"

"सोमवारपर्यंत तू इथे असशील... एवढंच गणित केलं. माझं गणित कच्चंच आहे."

तिला राग आला. एक श्वासभर टिकला.

"मूर्ख आहेस तू."

"नगरपालिकेचा आहे."

त्याने किल्ली टेबलावर ठेवली, पावाशेजारी. तिची किल्ली तिथे आधीपासूनच होती. ग्रंथालय घरापासून दोनशे चाळीस पावलांवर. बाहेर पाऊस रस्त्यावर नुसता आदळत होता. ओर्नेल्लाने एकदा तिकडे पाहिलं.

"जाऊन बघून येऊ या का रे... भिंत?"

"आत्ता?" त्याने एक सोललेला चेस्टनट तिच्याकडे सरकवला. बोटं काजळलेली होती.

"सोमवारी बघू," ती म्हणाली. तीच म्हणाली.

दोन दिवस दोघं घराबाहेर पडलीच नाहीत. त्याने पासातेल्ली, म्हणजे पावाच्या चुऱ्याच्या जाड शेवया, रश्शात शिजवल्या, तिने मीठ जास्त झाल्याचं सांगितलं आणि दोनदा वाढून घेतलं. खिडकीच्या काचेवर वाफ धरली होती. "तुझ्याशिवाय नऊ वाजलेले मला आता सहन नाही होणार," असं तो तिच्या केसांत तोंड लपवून म्हणाला, आणि तिने उत्तर म्हणून त्याचा चेहरा वर केला...

सोमवारी नऊ वाजता किल्ल्या एकदम फिरल्या. दार उघडेना. लाकूड फुगलं होतं. इव्हाल्दोने जोर लावून ओढलं, तेव्हा आधी वास आला... ओल्या जनावराचा.

वरचे कप्पे कोरडे होते. सगळ्यात खालच्या कप्प्यात सहा प्रार्थनापुस्तकं होती आणि पाणी मागच्या भिंतीतून थेट तिथेच शिरलं होतं. भिजलेलं कातडं आक्रसतं, पानं डिंक लावल्यासारखी एकमेकांना धरून बसतात. चित्रांवरच्या सोन्याच्या वर्खाचे पापुद्रे सुटले होते. मारीयामातेच्या झग्याचा निळा रंग ओघळून समोरच्या पानावरच्या अक्षरांत मिसळला होता.

इव्हाल्दो खाली फरशीवर बसला. "मी केलं हे."

"दोघांनी."

"तू कशी?"

"शनिवारी माझीही किल्ली टेबलावर होती."

हमाल दाराशी टोप्या हातात घेऊन उभे होते.

"ओर्नेल्ला... मी रविवारी बोलोन्याला येऊ?"

"नको."

"प्रेम नाहीये का?"

"आहे रे. तेच तर." ती भिजल्या पुस्तकांकडे बघत म्हणाली. "तू हसलास की मला हा कप्पा दिसणार. मी हसले की तुला. असं किती वर्षं हसणार आपण?"

तिने बाह्या वर केल्या, पहिलं पुस्तक दोन्ही तळव्यांवर उचललं आणि नोंदवही त्याच्याकडे सरकवली.

"मी मोजते. तू लिही."

दिवस मावळेपर्यंत ती आकडे सांगत राहिली, तो लिहीत राहिला. शेवटची नोंद त्याच्या अक्षरात अशी: पुस्तकं सहा. भिजलेली पानं आठशे चौऱ्याऐंशी. एकमेकांपासून सुटी होऊ शकतील अशी, सत्तेचाळीस.