कांपमाँत काय ठेवू नये

भाड्याच्या घरात काय ठेवायचं हे कुणीही सांगेल. काय ठेवायचं नाही हे ठरवायला डोकं लागतं, आणि ते आपल्याला आहे असं माझं ठाम मत होतं. बासष्ट साली, आमच्या बेटाच्या पूर्वेला, बेल मारच्या किनाऱ्यावर आमचं कांपमाँ उभं राहिलं, तेव्हा ते सजवायचं काम मी आपणहून अंगावर घेतलं. कांपमाँ म्हणजे समुद्राकाठचं सुट्टीचं घर. दोन खोल्या, पत्र्याचं छप्पर, पुढे ओटा आणि फिलावची, म्हणजे सुरूची झाडं. आठवड्या-पंधरवड्यासाठी माणसं येणार, पोहणार, मासे तळून खाणार आणि जाणार. अशा घरात देव ठेवायचे नाहीत, कारण तिथं काय शिजेल ते आपल्या हातात नसतं. घरच्या माणसांचे फोटो ठेवायचे नाहीत. लग्नातली पितळी भांडी नाहीत, काचेचे पेले तर मुळीच नाहीत. मी व्हाकोआच्या शाळेत शिकवते. पोरं काय काय फोडू शकतात ते मला चांगलं ठाऊक आहे.

माझे यजमान कृष्णदेव टपाल खात्यात. त्यांनी एवढंच विचारलं, "रोश कारी ठेवलीस का? त्याबिगर कोन घर घेनार न्हाय."

रोश कारी म्हणजे आपला पाटा-वरवंटा. या बेटावर हिंदू असो, आफ्रिकी वंशाचा क्रिओल असो, मसाला वाटला जातो तो त्याच्यावरच. आमच्याकडे दोन जोड्या होत्या. एक माझ्या रोजच्या वापरातली. दुसरी अक्कांच्या खोलीत, कोपऱ्यात, नुसती पडून.

अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, अनुसया. दीर वारले तेव्हा त्या पोटुशी होत्या. साठच्या फेब्रुवारीत कॅरोल वादळाने अर्ध्या बेटाची छपरं नेली, त्याच सुमारास त्यांना मुलगा झाला. भिजलेल्या अंथरुणात त्याला ताप भरला आणि बारशाआधीच तो गेला. सासूबाई म्हणाल्या, पोर बिननावाचं जाता कामा नये. बारशाला बाळाबरोबर वरवंट्यालाही कुंची घालून पाळण्याखालून-वरून फिरवतात, ती आपली रीतच आहे. सासूबाईंनी रिकाम्या पाळण्यात तेवढा वरवंटा निजवला. घरात नणंद नव्हती, म्हणून कानात नाव सांगायचा मान माझ्याकडे आला. मी वाकले, गार दगडाला ओठ लावले आणि मनात आलं ते नाव कुजबुजले.

"मोठ्यानं बोलू नको," सासूबाई म्हणाल्या. "त्याचं त्येला कळलं, बास."

अक्कांनीही मला कधी विचारलं नाही. पुढे सासूबाई गेल्या. ते नाव मी कृष्णदेवांनासुद्धा सांगितलं नव्हतं.

अक्का रोज त्या वरवंट्याला तेल लावत आणि फ्लॅनेलच्या तुकड्यात गुंडाळून ठेवत. मला ते बघवत नसे. पहिल्यांदा दया यायची, मग नुसताच कंटाळा यायला लागला. त्या ब्रीझे वेर्दिएरला माहेरी गेल्या होत्या, तेव्हा ती जोडी मी सामानाच्या गाडीत घातली. दगड नजरेआड झाला की अक्का सावरतील, अशी मी स्वतःची समजूत घातली. नव्या जोडीचा खर्च वाचला, हेही होतंच.

अक्का माहेरून आल्या. पिशवी हातात तशीच धरून त्यांनी कोपऱ्याकडे बघितलं. आता रडतील, ओरडतील, मी तयारीतच होते.

"कुठं हाय?"

"कांपमाँत नेलाय, अक्का. तुम्हालाच बरं वाटावं म्हणून."

त्या खाली बसल्या आणि मागे राहिलेल्या फ्लॅनेलच्या तुकड्याची घडी करत राहिल्या. घडी घालायची, मोडायची, पुन्हा घालायची.

"समुंदरावर वारा लय असतो," त्या म्हणाल्या. "त्येला थंडी वाजल."

पहिलं बिऱ्हाड क्युरपीपच्या एका चिनी दुकानदाराचं होतं. ते गेल्यावर मी झाडलोट करायला गेले, तर वरवंटा पलंगावर होता, टॉवेलात नीट गुंडाळलेला. त्यांना लहान मुलं होती, खेळली असतील. मी तो धुऊन पाट्यावर ठेवून दिला.

दुसरं बिऱ्हाड पोर्ट लुईचं, कस्टममध्ये काम करणारं क्रिओल जोडपं. मूलबाळ नाही. मी पोहोचले तेव्हा त्यांची बांधाबांध चालली होती. वरवंटा उशीवर होता. बाईंचा रेशमी रुमाल त्याच्यावरून घेऊन खाली गाठ मारली होती, अगदी कुंचीसारखी. खोलीत खोबरेलाचा वास येत होता.

"मादाम, हे कशाला?" मी विचारलं.

बाई ओशाळल्या. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं, तर तो पेटी उचलून बाहेर निघून गेला.

"मो पा कोने," त्या म्हणाल्या. मला माहीत नाही. रुमालाची गाठ सोडवता सोडवता त्यांनी खालच्या आवाजात एवढंच सांगितलं, "ली ती फ्रे."

त्याला थंडी वाजत होती.

डिसेंबर महिना होता. डोक्यावरचा पत्रा तापून कडकड वाजत होता आणि माझं पोलकं पाठीला चिकटलं होतं.

तेव्हाच तो उचलून घरी आणायला हवा होता. पण पुढचं बिऱ्हाड दुपारीच यायचं होतं, त्यांना वाटण लागणारच. आणि कृष्णदेवांना कारण काय सांगायचं? शिकलेली बाई मी. मी तो पाट्यावर ठेवला आणि बाहेर पडले. दार ओढून घेताना मागे वळून बघायचं धाडस मात्र झालं नाही.

घरी अक्कांचं जेवण कमी होत होत बंद पडलं. ताट पुढे केलं की त्या विचारत, "तो जेवला का?" डॉक्टर येऊन गेले, टॉनिक देऊन गेले. अक्कांचे गाल बसले, पोलक्याच्या बाह्या दंडावर लोंबायला लागल्या. शाळेत हजेरी घेताना मी एकदम थांबायची, कारण पुढचं नाव म्हणून तेच ओठांवर आलेलं असायचं. पाळण्यापाशी उभं राहून ज्याला नाव दिलं, त्याला मी परक्यांच्या स्वयंपाकघरात सोडून आले होते. अक्का अशाच गेल्या तर त्यांना मी मारलं, हे मला स्वच्छ दिसत होतं.

"एन रोश सा, इंद्राणी! दगड हाय तो," कृष्णदेव वैतागून म्हणाले. "जा, घेऊन ये आनि संपव."

मी बसगाड्या बदलत बेल मारला गेले. बिऱ्हाड सकाळीच गेलं होतं. किल्ली ठरल्याप्रमाणे कुंडीखाली होती. पाटा जागेवर होता.

वरवंटा नव्हता.

पलंगावरची चादर चारी बाजूंनी खोचलेली होती. उशीच्या मधोमध एक छोटा खळगा होता. मी त्यावर हात ठेवला. तिथं उशी गार होती, बाकीची ऊन.

पलंगाखाली, विहिरीपाशी, फिलावच्या झाडांखाली, गुडघाभर पाण्यात उतरूनसुद्धा मी शोधलं. एवढा जड दगड कोण कशाला नेईल? शेवटी फ्लाकच्या बाजारात गेले, साधारण तेवढाच नवा वरवंटा घेतला, आणि येताना बसमध्ये त्याला तेल चोळत बसले. लोक बघत होते. मला रडू येत होतं ते लाजेनं.

अक्कांनी तो हातात घेतला. जरा तोलून बघितला आणि कितीतरी दिवसांनी हसल्या. मग उठून स्वयंपाकघरात गेल्या, माझ्या रोजच्या पाट्यावर तो ठेवला, आणि खोबरं-कोथिंबिरीची चटणी वाटायला बसल्या.

"अक्का, अहो, हा तोच..."

"न्हाय गं, इंद्राणी," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "पन चांगला हाय. टाकी ताजी हाय त्याची."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यांनी भात शिजवला. ताटं घेतली. कृष्णदेव ऑफिसात होते, घरात आम्ही दोघीच. ताटं मात्र तीन मांडली. तिसरं अगदी छोटं, पितळेचं.

मग त्या मागच्या दाराकडे तोंड करून म्हणाल्या, "नवीन! पाय धुवून ये. वाळू आनू नको घरात."

ते नाव मी त्या दगडाशिवाय कुणालाही सांगितलं नव्हतं.

अंगणात नळ वाहत होता.

मी उठले. दारापर्यंत गेले. नळ बंद झाला.

अंगणात कुणी नव्हतं. नळाखालची फरशी ओली होती आणि तिच्यावर पांढरी वाळू होती. आमच्या व्हाकोआची माती तांबडी आहे.

"तू आत ये," अक्का मागून म्हणाल्या. "तुला भितो त्यो. परत नेशील म्हनतो."

मी आत येऊन माझ्या ताटावर बसले. मान खाली घातली.

थोड्या वेळानं नळ पुन्हा सुरू झाला.