उजव्या बोटाची शाई

ही खरी घटना आहे. ज्यांना टिंगल करायची असेल त्यांनी इथूनच मागं फिरावं, मला कोणाशी वाद घालायचा नाही. ज्यांच्यासोबत हे घडलं त्या गोपिकाकाकू नागपुरात, लकडगंजला, आमच्या भिंतीला भिंत लागून राहतात. जागा म्हणजे आमच्या गल्लीमागची शाळा. आणि रात्र-बित्र काही नव्हती. मतदानाचा दिवस, एप्रिलचं ऊन आणि भर सकाळ.

आधी घरातली हकिगत सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

गोपिकाकाकूंच्या सासूबाई म्हणजे इंदूबाई. काचबिंदूनं त्यांची नजर गेली, तेव्हापासून मतदानाला त्यांना मुलगा श्रीधर घेऊन जायचा. आंधळ्या माणसाला सोबती नेता येतो. सोबत्याच्या बोटालाही शाई लावतात, पण उजव्या हाताच्या.

आईचा हात त्याच्या खांद्यावर. आत गेलं की तो तिचं बोट बरोबर बटणावर ठेवायचा आणि मनगटावर दोनदा टिचकी द्यायचा. म्हणजे हेच, दाब. इंदूबाईंचा दुसऱ्या कोणावर भरवसा नव्हता.

"दुसरा कोणी काय दाबून येईन, मले का दिसते?" असं म्हणायच्या.

मतदानाच्या आधीच्या भादव्यात श्रीधर खाप्याला मावसभावाकडे गेला. कन्हान नदी भरून वाहत होती.

तो परत आला नाही.

इंदूबाई तेव्हा दवाखान्यात होत्या. हृदयाचं दुखणं. डॉक्टरांनी बजावलं, धक्का सोसायचा नाही. म्हणून सगळं क्रियाकर्म खाप्यालाच उरकलं, आणि त्यांना सांगितलं, श्रीधरला रायपूरला काम लागलं. इथं लाकडाच्या आरा मशीनवर होता, तिथंही तेच.

गोपिकाकाकूंनी हातातल्या बांगड्या काढल्या नाहीत.

कारण सासूला दिसत नव्हतं, पण ऐकू सगळं येत होतं. बांगड्या वाजायच्या थांबल्या असत्या, तर म्हातारीला त्याच क्षणी कळलं असतं. बिचारी काकू रडायची तेसुद्धा नळ मोठा सोडून.

"फोन काहून करत नाही वं तो?"

"कामात राहतात, आई."

मग हळूहळू इंदूबाईंनी विचारणं बंद केलं. काकूंना त्याचीच जास्त भीती वाटायची.

मतदानाच्या आदल्या दिवशी त्या एकदम म्हणाल्या, "उद्या श्रीधर येईन."

"सुट्टी नाही भेटली त्यायले. मी येतो ना सोबत."

इंदूबाईंनी काठी चाचपून उशाशी घेतली.

सकाळी दोघी शाळेत पोचल्या. दारावरच्या पोलिसानं काकूंना अडवलं. पिशवीत मोबाइल होता, आणि तो आत चालत नाही. घरून निघताना ठेवायचाच राहिला होता. काकूंनी सासूला व्हरांड्यातल्या बाकावर बसवलं.

"हलू नका आई, आत्ता येतो."

बाहेर रसवंतीवाल्याकडे मोबाइल ठेवून त्या लगोलग पळत आल्या.

बाक रिकामा...

रांगेत कोणीच बोलत नव्हतं. एवढ्या गर्दीत फक्त आतल्या मशीनची लांब शिटी ऐकू आली. मत पडल्याची.

आणि खोलीच्या दुसऱ्या दारातून इंदूबाई बाहेर आल्या.

काठी काखेत. डावा हात पुढं, हवेत...

खांद्याएवढ्या उंचीवर.

कोणाच्या तरी मागं चालावं तशा त्या बिनधोक चालत होत्या. पायरी आली. त्या थांबल्या, बरोबर उतरल्या. मग तो हात एकदम खाली पडला, आणि त्या चाचपडायला लागल्या.

काकूंनी धावत जाऊन त्यांना धरलं. आत डोकावून शाई लावणाऱ्या मॅडमना विचारलं, "यांच्यासोबत कोण होतं?"

"मुलगा होता ना त्यांचा. आत्ताच तर गेले. मीच शाई लावली." मॅडमनी आपली बोटं रुमालाला पुसली. "एवढ्या उन्हात हात बर्फासारखा गार. अन् ओला. पुसून मग लावावी लागली."

दाराशी कोणी नव्हतं. व्हरांड्यातही नाही.

दोघी घराकडे निघाल्या. गल्लीच्या तोंडाशी कडुलिंबाखाली इंदूबाई थांबल्या.

"श्रीधर होता वं."

काकूंनी त्यांचा दंड घट्ट धरला.

"त्याच्या हाताले नेहमी भुशाचा वास राह्यचा. आज नव्हता..."

"आई..."

"नदीचा वास होता, गोपिका."

 काकू तिथंच आमच्या ओट्यावर बसल्या. इंदूबाई चाचपडत त्यांच्या शेजारी बसल्या, त्यांचा हात मांडीवर घेतला आणि एकेका बांगडीवरून बोट फिरवलं.

"मी विचारलं त्याले, कधीचा गेला रे बाप्पा? तो काही बोलला नाही. नुसतं मनगटावर दोनदा टिचकी दिली."

मग त्यांनी काकूंच्या बांगड्या मनगटावर मागं सरकवल्या.

"मले धक्का बसू नये म्हणून तू रडलीच नाही, गोपिका. तुले नाही आवडत तर काढ या बांगड्या. आवडत असन तर राहू दे. पण माझ्यासाठी वाजवत राहू नको. अन् आता रड."

तेव्हा काकू रडल्या. इतक्या महिन्यांचं सगळं. आम्ही घरातून ऐकलं, पण बाहेर जायचा कोणाला धीर झाला नाही. माझी आई तर उंबऱ्यातच पदर तोंडाला लावून उभी राहिली.

इंदूबाईंना काही झालं नाही. डॉक्टर म्हणाले होते तसं काहीच नाही. घरी येऊन त्यांनी दोन घास खाल्ले आणि मुलाचा फोटो मागून घेतला. काकूंनी तो कपाटातून, लुगड्यात गुंडाळलेला, काढून दिला.

हे सगळं मनाचे खेळ म्हणून मीही सोडून दिलं असतं.

पण इंदूबाईंच्या मनगटावर शाईचे दोन ठिपके आहेत. ओल्या शाईच्या बोटानं टिचकी दिली की उमटतील तसे.

त्यांच्या स्वतःच्या बोटावरची शाई नखासोबत वाढून केव्हाच गेली. हे ठिपके तसेच आहेत. त्या कोणाला पुसू देत नाहीत. रात्री झोपताना फोटो उशाशी आणि ते मनगट गालाखाली.

काकू म्हणतात, हात लावला की ते ठिपके अजून गार लागतात...

आणि ओले.

इंदूबाईंनी एकदा मनगट माझ्यापुढंही केलं होतं. "पाह्य बरं, वाळले का?"

मी "हो" म्हणालो.

हात लावून पाहिलं नाही.