उसाच्या फडातला श्वास

"ताई, झोळी त्या लिंबाला बांधू नका."

केशरबाईंनी सांगितलं होतं. मी हसण्यावारी नेलं.

हे घडलेलं आहे. मागच्या ऑक्टोबरात, गंगाखेडजवळच्या उसात, भर दुपारी. पटवून द्यायची ताकद आता माझ्यात नाही.

ऊस हवेतला कार्बन किती ओढून घेतो, हे मोजायला त्या फडात एक खांब उभा केलाय. वर नळी, खाली मशीन. नळीची जाळी साफ करायची आणि मोबाईलवर आकडे बघायचे, एवढंच माझं काम. नियम एकच. नळीजवळ थांबायचं नाही. आपल्या श्वासानेही आकडा चढतो.

माझी तान्ही सृष्टी सोबत असायची. घरी सांभाळायला कोणी नाही. रात्र तिच्यापायी जागून काढायची, दिवस फडात.

केशरबाई शेताच्या मालकीण. म्हणाल्या, "कोकिळा तोडीला यायची. तिचं लेकरू हितंच झोळीत निजल्याजागी गेलं. मागून ती बी गेली. लेकरू दिसलं की येती म्हन्तेत."

"मग तिलाच सांभाळू द्या की! मला तेवढीच झोप."

"हसा, हसा. शिकलेल्या ना तुमी!"

पण खांबाजवळ सावली तेवढीच होती. मी झोळी तिथेच बांधली.

त्या दुपारी ऊन कडक होतं. अशा उन्हात ऊस कार्बन जास्त ओढतो, आकडा खाली जायला हवा.

आकडा चढला...

उतरला...

पुन्हा चढला.

नळीला तोंड लावून कोणी श्वास घेतंय, असा.

माझाच श्वास असेल, म्हणून मी मागे सरकले. तरी तेच. आणखी लांब गेले, थेट बांधाच्या टोकाला.

तिथून झोळी दिसत नव्हती.

आता आकडे जोडीने यायला लागले. एक मोठा श्वास. एक छोटा.

मोठा... छोटा...

मोठा...

मोठा...

मी पळत सुटले.

पान हलत नव्हतं. खांबावरच्या वारा मोजायच्या वाट्या थांबलेल्या. झोळी मात्र झुलत होती. हळूहळू... कोणी जोजवावं तशी.

सृष्टीचे ओठ निळे पडले होते.

उचललं, पाठ चोळली, ओरडले. खूप वेळाने ती रडली.

दवाखान्यात म्हणाले, सगळं ठीक आहे. ऑफिसातले म्हणाले, "मॅडम, तुम्हीच नळीपाशी उभ्या असाल." आमचे हे म्हणाले, "दमलीयस तू. झोप जरा."

दमलेय खरी. झोपणार कशी? डोळा लागला की उठून तिच्या नाकाशी बोट धरते.

मी काम सोडलं. आता माहेरी, वालूरला असते.

माझ्या जागी पंकजा नावाची मुलगी लागली आहे. तीही लेकरू सोबत नेते. तिला सगळं सांगितलं. "बघते ताई," म्हणाली.

आज दुपारपासून ती फोन उचलत नाही. केशरबाईंचाही लागत नाही.

गंगाखेडच्या बाजूचं कोणी हे वाचत असेल, तर गाडी काढा. फडात जाऊन तिला बघा.

आधी लेकराला बघा.