एका दमात एक पेला

क्रांतीच्या पोटातला बँड घसरलाय हे कळलं, तो दसऱ्यानंतरचा सोमवार होता. डॉक्टर आदिती चौगुलेंच्या टेबलावर कुणीतरी दिलेली आपट्याची पानं अजून पडलेली होती. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला आणि बोट ठेवून दाखवलं.

"हे कडं इथं वर असायला हवं. ते खाली सरकलंय. काढावं लागणार."

अकरा वर्षांपूर्वी पुण्यात ते कडं बसवलं होतं. जठराच्या वरच्या टोकाला सिलिकॉनचा पट्टा आवळायचा, म्हणजे दोन घासांत पोट भरतं. क्रांती तेव्हा तेवीस वर्षांची होती आणि तिच्या लग्नाचं बघायला लागले होते. वजन उतरलं. गल्लीतल्या बायका तिला थांबवून विचारायच्या, काय खातेस ग? ती काय सांगणार... खातच नव्हती. लग्न काही जमलं नाही, पण बँड राहिला. गेली दोन वर्षं मात्र भाकरीचा तुकडा छातीत अडकायचा, आंबट पाणी घशापर्यंत यायचं आणि त्या आंबटानं तिचा आवाज बसला होता.

आवाज बसणं ही साधी गोष्ट नव्हती. दिवसा क्रांती इंगवले एका पतसंस्थेत नोकरी करायची. पण कोल्हापूर तिला ओळखायचं ते फुटबॉलच्या माईकवरून. पेठापेठांच्या सामन्यांचं समालोचन करणारी ती एकटीच बाई. गेल्या हंगामात तिला माईक सोडावा लागला होता.

"आवाज परत येईल?" तिनं विचारलं.

"येईल, असं मला वाटतं. पण वजनही परत येईल. बहुतेकांचं येतं. त्यात तुझा दोष नसेल, हे आत्ताच सांगून ठेवते."

शेजारी बसलेल्या झुंबरआत्यानं पदर तोंडाला लावला. आईवडलांमागं क्रांतीला तिनंच वाढवलं होतं. "अकरा वर्सांचं सगळं पाण्यात गेलं की ग बाई," म्हणून ती हुंदके द्यायला लागली. क्रांती रडली नाही. आवाज येईल एवढंच ती मनात धरून बसली होती.

बँड निघाला. आधी पेज, मग मऊ भात, असं करत महिन्याभरानं डॉक्टरांनी सगळं खायला मोकळीक दिली. त्याच संध्याकाळी क्रांती पतसंस्थेतून सुटली ती घरी न जाता गंगावेशीत गेली. तिथं म्हशी आणून उभ्या करतात. गिऱ्हाइकासमोर धार काढायची, पेला भरायचा आणि त्यानं तो तिथंच, उभ्या उभ्या प्यायचा. लहानपणी वडील तिला न्यायचे. बँड बसल्यापासून तिनं तो रस्ताच टाकला होता.

थंडी पडायला लागली होती. ओल्या वैरणीचा वास येत होता. एका दांडग्या काळ्या म्हशीखाली एक माणूस उकिडवा बसला होता.

"अर्धा पेला द्या," क्रांती म्हणाली.

"अर्धा?" त्यानं वर न बघताच म्हटलं. "अर्धं-पाव कळत न्हाई हिला. भरला की भरला."

"मग तिला सांगा, पावण्यांच्या पोटाचं ऑपरेशन झालंय."

त्याचा हात थांबला. त्यानं मान वर केली आणि तिच्याकडं नीट बघितलं... बघितलं म्हणजे, कान देऊन बघितलं.

"परत बोला बघू."

"काय बोलू?"

"काय बी. कॉर्नर किक म्हणा."

"अहो, भर रस्त्यात—"

"म्हणा की!"

"कॉर्नर किक!" ती ओरडली. आवाज अजून थोडा घोगरा होता, पण लांबपर्यंत गेला. चार गिऱ्हाइकं वळली. म्हशीनं कान टवकारले आणि पेल्यात जोरानं धार पडली.

"बघा! चंद्रीनं ओळखलं," तो खूश होऊन म्हणाला. "मॅच मोबाईलवर लावून धार काढायची सवय हाय मला. दोन सालं तुमच्याच आवाजावर पान्हा सोडत हुती ही. मागल्या हंगामात माईकवर दुसराच कोण तरी आला, तर लाथ मारून बादली पाडली हिनं. कुठं गेलतासा?"

"आजारी होतो," क्रांती म्हणाली. कोल्हापूरच्या पुष्कळ पोरींसारखी ती 'आलो, गेलो' असंच बोलायची.

"आता?"

"आता बघू, पेला तर द्या."

अर्धा पिऊन ठेवायचा असं ठरवून तिनं पेला तोंडाला लावला. कोमट, फेसाळ दूध घशातून खाली उतरलं. कुठं अडकलं नाही. ती पीत राहिली... पीतच राहिली, आणि पेला रिकामा करूनच तिनं श्वास घेतला. अकरा वर्षांत ती एका दमात काही प्यायली नव्हती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते दिसू नये म्हणून तिनं त्याच्याकडं रागानं बघितलं.

त्यानं फक्त स्वतःच्या वरच्या ओठावरून बोट फिरवलं. क्रांतीनं ओठावरचा फेस पुसला आणि हसू आवरत निघाली. किती प्यायली, किती खाल्लं, हे न मोजता तिच्याकडं बघणारा माणूस तिला बऱ्याच वर्षांनी भेटला होता.

त्याचं नाव पृथ्वीराज. चाळिशीला टेकलेला, म्हशी सांभाळणारा. बायको, तेजस्वी, तीन वर्षांपूर्वी गेली, एवढं तिला शेजारच्या दूधवाल्याकडून कळलं. कशी गेली ते तिनं विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही. ती मात्र रोज जायला लागली. घरी नेऊन तापवून पीत जा, असं डॉक्टरांनी बजावलं तेव्हा ती किटली घेऊन जायला लागली.

"किटली भरायला एवढा वेळ कशाला थांबता?" एकदा त्यानं विचारलं.

"चंद्रीशी बोलायला."

"आणि मालकाशी?"

"मालक बरा बोलला, तर बोलतो की."

"मालकाला बोलायला येत न्हाई जास्त."

"मग ऐकून घ्यायचं. तेवढं तर येतं न्हवं?"

"तेच येतं," तो म्हणाला, आणि मान खाली घालून दूध मापायला लागला. त्याचे कान लाल झाले होते. थंडीनं, असं क्रांतीनं स्वतःला सांगितलं.

हंगाम सुरू झाला तसा आवाजही भरून आला. पहिल्याच सामन्यात तिनं माईक हातात घेतला आणि "नमस्कार कोल्हापूर!" म्हटलं, तर सगळं मैदान उठलं. पोरं शिट्ट्या मारायला लागली. कुणीतरी वरून ओरडलं, "आला रं, आपला आवाज आला!" क्रांतीची मान ताठ झाली. ती पुढं पूर्ण सामनाभर ताठ राहिली.

डॉक्टरांनी सांगितलं होतं तसं वजनही आलं. जुने ड्रेस एकेक करून शिवायच्या बाईकडं गेले. जिना चढताना गुडघे बोलायला लागले, रक्तातली साखरही वर सरकली. आता ती पोटभर जेवत होती आणि जेवण तिला गोड लागत होतं. त्याची तिला लाज नव्हती. पण गुडघे दुखत होते, हेही खरं होतं.

फेब्रुवारीत डॉक्टरांनी तिला पुन्हा बसवून समजावलं. दुसरं ऑपरेशन करता येईल. जठर कापून बारीक करतात ते एक, त्याला स्लीव्ह म्हणतात. पण त्यानं घशाशी येणारं आंबट वाढू शकतं, तेव्हा तिच्या आवाजाला ते नको. दुसरं बायपास. त्यात आंबट कमी होतं, साखरेलाही फायदा होतो, पण ऑपरेशन मोठं आणि गोळ्या जन्मभर. "घाई नाही. नाही केलंस तरी मी तुझी डॉक्टर आहेच," त्या म्हणाल्या.

घाई आत्याला होती. गडहिंग्लजचं एक स्थळ आलं होतं. मुलाकडच्यांनी फोटो बघून कळवलं होतं, मुलगी पसंत आहे, तेवढं ऑपरेशन उरकून घ्या, मग बघायला येतो.

"चांगली माणसं हाईत ग," आत्या म्हणाली.

"त्यांना सांग, बघायचं असलं तर आहे तेवढी सगळी बघा. हप्त्यानं दाखवायला मी काय सोफासेट हाय?"

आत्यानं कपाळावर हात मारला, पण फोन करून सांगितलं तसंच.

हे सगळं क्रांतीनं त्या संध्याकाळी पृथ्वीराजला हसत हसत सांगितलं. वाटलं होतं, तोही हसेल. तो हसला नाही. त्यानं बादली खाली ठेवली.

"ऑपरेशन करायचं न्हाई," तो म्हणाला.

"काय?"

"काय गरज हाय? हाईस तशी चांगली हाईस. मला... म्हंजे, कुणालाबी आवडशील. न्हाई करायचं."

दुसऱ्या कुठल्या दिवशी या शब्दांनी ती आनंदानं घरी उडत गेली असती. पहिल्यांदाच तो तिला अगंतुगं बोलला होता. पण तिच्या कानात एकच गोष्ट राहिली.

"तेवीस वर्षांची होतो तेव्हा घरच्यांनी ठरवलं, करायचं. गडहिंग्लजवाले म्हणतात, करायचं. आता तुम्ही म्हणताय, न्हाई करायचं. माझ्या पोटावर सगळ्यांचं मत हाय. मला कुणी विचारलंय?"

"मी तुझ्या भल्यासाठीच—"

"सगळे भल्यासाठीच सांगतात, पृथ्वीराज."

रिकामी किटली घेऊन ती निघाली, ती पुन्हा गंगावेशीत गेली नाही.

त्यानंतर तिला करमेना. फोन वाजला की बघायची आणि ठेवून द्यायची. आत्या पिशवीतलं दूध तापवायची आणि म्हणायची, "ह्याला साय कुठली धरतीय? जा की त्या पावण्याकडं."

"नाव काढू नकोस त्याचं."

"मी कुठं काढलं नाव? मी पावणं म्हणाले."

मार्चअखेर अंतिम सामना आला. मैदानात पाय ठेवायला जागा नव्हती. दोन्ही पेठांचे झेंडे, ढोल, गुलाल. शेवटची काही मिनिटं उरली होती आणि गोल बरोबरीत होते. वरच्या पेठेच्या पोरानं मधल्या रेषेवर चेंडू उचलला. एकाला चुकवलं, दुसऱ्याला चुकवलं, कडेनं धावला, आत वळला... आणि क्रांती त्याच्याबरोबर धावत राहिली, माईकवर, एका दमात, मध्ये कुठंही श्वास न घेता, थेट जाळीपर्यंत. "गोऽऽल!" तो शब्द संपेपर्यंत मैदानातला ढोलसुद्धा वाजला नाही. मग सगळं एकदम फुटलं. जिंकलेल्या पोरांनी तिच्यासमोर येऊन मुजरा केला. हरलेल्या पेठेतल्या एका म्हाताऱ्यानं तिच्यावर गुलाल टाकला. "पोरी, आम्ही हरलो, पण तुझा आवाज न्हाई हरला," तो म्हणाला. त्या दिवशी क्रांतीला स्वतःचा अभिमान वाटला. आवाजाचा, आणि तो आवाज ज्या देहातून येत होता त्या सगळ्या देहाचा.

ती बाहेर आली तेव्हा उन्हं कलली होती. फाटकाजवळ पृथ्वीराज उभा होता. हातात दुधाची छोटी कॅन, अंगात इस्त्री केलेला शर्ट.

"मोबाईलवर ऐकायचं सोडून इकडं कुठं?" तिनं विचारलं.

"चंद्री म्हणाली, जाऊन ये."

"आणखी काय म्हणाली?"

त्यानं कॅन या हातातून त्या हातात घेतली. मग सरळच बोलायला लागला.

"तेजस्वीचं ऑपरेशन हुतं. पित्ताशयाचं, साधं. सकाळी हसत आत गेली ती बाहेर आलीच न्हाई. कुणाची चूक न्हवती म्हणतात. असंल. तवापास्नं ऑपरेशन शब्द ऐकला की माझं पाय गार पडत्यात. मी तुला न्हाई म्हणालो ते तुझ्यासाठी न्हवतं. माझ्यासाठी हुतं."

क्रांती सावकाश त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली.

"भ्या माझं हाय," तो म्हणाला, "ते मी संभाळतो. पोट तुझं हाय. तू कर, न्हाईतर करू नको. करणार असशील तर मी दाराबाहेर बसतो. न्हाई केलंस तर रोज भाकरी थापून घालतो. दोन्हीकडनं मला तूच पायजेस. आवडतीस तू मला... लई दिवसांपास्नं. बघायच्या आधीपास्नं."

"म्हणजे नुसत्या आवाजावर?"

"आधी आवाजावर. मग पेला ठेवून माझ्याकडं रागानं बघितलंस, त्याच्यावर."

क्रांतीच्या गालावर गुलाल होताच, त्यामुळं तिचा चेहरा किती लाल झाला हे त्याला कळलं नाही.

"दोन अटी हाईत," ती म्हणाली. "डॉक्टरांकडं माझ्याबरोबर यायचं. आणि तिथं तोंड उघडायचं न्हाई."

"आणि लग्नाचं?"

"ते आत्याला विचारा. ती तुम्हाला कधीपासून पावणंच म्हणतीय."

त्यानं कॅन उघडून झाकणात दूध ओतलं. तापवलेलं होतं. तिनं ते एका दमात संपवलं आणि ओठावरचा फेस या वेळी मुद्दाम पुसला नाही. त्यानं आजूबाजूला बघितलं, रुमाल काढला, हळूच पुसला. मागून पोरांनी शिट्टी मारली. "गोल!" कुणीतरी ओरडलं.

पुढच्या आठवड्यात दोघं डॉक्टरांकडं गेली. क्रांती विचारत होती, डॉक्टर सांगत होत्या. पृथ्वीराज दोन्ही हात गुडघ्यांत दाबून बसला होता. बायपास शब्द आला की त्याच्या कपाळावर घाम यायचा, पण त्यानं तोंड उघडलं नाही. जिना उतरताना क्रांतीनं त्याचा हात धरला. तो गार पडला होता. खालपर्यंत तिनं तो सोडला नाही.

मे महिन्यात लग्न झालं. आत्यानं नवऱ्या मुलाकडून एकच वचन घेतलं, की क्रांतीचा माईक सुटता कामा नये. तेजस्वीचा फोटो घरात होता तिथंच आहे. क्रांती त्याला रोज फूल वाहते. हंगाम आला की चंद्रीपुढं मोबाईल लागतो.

बायपास करायचं की नाही, हे मात्र क्रांतीनं अजून ठरवलेलं नाही.