भुवयांचं 'हो'

चार नंबरच्या लेथवर लाल टॅग लटकत होता आणि त्यावर गिचमिड अक्षरात नाव होतं — मारिन पेरिच. खाली फोन नंबर. आमची ओळख झाली ती अशी. आधी नाव, मग आवाज, आणि माणूस सगळ्यात शेवटी.

लाल टॅग म्हणजे 'मी या मशीनवर काम करतोय, कुणी सुरू करू नका.' ज्यानं लावला त्यानंच तो काढायचा. शुक्रवारचे दोन वाजले होते, चारला मला माझा जॉब — लेथवर कातायचा लोखंडी तुकडा — जमा करायचा होता, आणि बाकीच्या सगळ्या लेथवर पोरं मान मोडून कामाला लागली होती.

"ग्लेनिस, तुम्ही काढा ना तो," मी गयावया केली.

ग्लेनिस म्हणजे आमच्या कॉलेजच्या वर्कशॉपची सर्वेसर्वा. साठी उलटलेली, चष्मा कायम कपाळावर. सगळे तिला अगं-तुगं करतात. माझ्या तोंडून मात्र 'अहो'च निघतं. फिजीत, आमच्या लेवुका गावात, मोठ्यांना एकेरी हाक मारली की आई कान उपटते.

"पोरी, पंतप्रधान आले तरी मी त्याला हात लावायची नाही. फोन कर त्या गाढवाला."

केला. पलीकडे लाटांचा आवाज.

"चार नंबर? अरे देवा... पट्टा बदलला आणि टॅग तसाच राहिला! हलू नकोस, आलोच!"

हलून जाणार कुठे होते मी? पाऊण तासानं तो टॉर्कीच्या किनाऱ्यावरून आला. बाहेर जुलैचा, म्हणजे इथल्या हिवाळ्यातला, बोचरा पाऊस. त्याचे केस ओले, कानामागे वाळू, हातात गरम चिप्सचा पुडा. टॅग सोडवून त्यानं माझ्यासमोर असा धरला, जणू फूलच देतोय.

"वासिती ना? चुकलो. लाच आणलीय."

"इथे खायला चालतं?"

"हो, नाही."

मी बघतच राहिले. "हो — की नाही?"

तो हसला. हसताना त्याचा एक डोळा जरा जास्त मिटतो, हे मी उगाचच बघून ठेवलं. "नवीन आहेस का गं जीलाँगला? शेवटचा शब्द धरायचा. 'हो, नाही' म्हणजे नाही. 'नाही, हो' म्हणजे हो."

"मग पहिला शब्द कशाला?"

"समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून."

फिजीहून येऊन मला पाच महिने झाले होते आणि पाच महिने मी या लोकांचा पहिलाच शब्द धरत आले होते! किती जणांनी मला नाही म्हटलं आणि मी खुशीत घरी गेले, देव जाणे.

चारला पाच कमी असताना माझा जॉब जमा झाला. त्यानं त्याला बोटही लावलं नाही, नुसता शेजारी उभा होता. मी मात्र मायक्रोमीटरनं एकच माप तीनदा घेतलं.

मग दर बुधवारी चार आणि पाच नंबरची लेथ आमची झाली. तो तिसऱ्या वर्षाला, मी पहिल्या. त्याचे आजोबा क्रोएशियाहून येऊन इथल्या गाड्यांच्या कारखान्यात राबले. कारखाना बंद पडला तरी त्यांचे पाने-पकडी मारिनच्या पेटीत होते. मी त्याला आईबद्दल सांगितलं. मासे डब्यात भरायच्या कारखान्यात बावीस वर्षं उभी आहे ती. मासे पुढे नेणारा पट्टा तिच्या उंचीला हवा त्यापेक्षा चार बोटं खाली, म्हणून रोज कंबर धरते. मला तो पट्टा वर घ्यायचाय. एवढ्यासाठी कोणी समुद्र ओलांडून इंजिनिअरिंग शिकायला येतं का, असं मला लोक विचारतात. त्यानं विचारलं नाही. पुढच्या बुधवारी कागदावर पट्ट्याचं चित्र काढून आणलं आणि म्हणाला, "आईची उंची सांग."

मी उंची सांगितली आणि मग काहीतरी निमित्त काढून बाहेर जाऊन आले. डोळ्यांत धातूचा कीस गेला, असं सांगितलं.

"शाफ्ट फार सैल बसला की खडखडतो," एकदा तो बुशचं पोकळ कडं हातात फिरवत म्हणाला, "फार घट्ट बसला की अडकतो. माणसांचंही तसंच..."

"हे वाक्य आजवर किती मुलींना ऐकवलंस?"

"तू तिसरी. पहिल्या दोघी निदान हसल्या तरी होत्या." मग बुश खाली ठेवून — "वासिती, तुझ्यावर कुणाचा टॅग वगैरे...?"

"नाही."

"नुसतं नाही? की नाही, हो?"

मी त्याच्या अंगावर पुसायचं फडकं फेकलं.

आणि मग ऑक्टोबरातला तो बुधवार उजाडला. दोन्ही लेथ सुरू होत्या, दोघांच्या कानांवर आवाज रोखणारे जाडजूड मफ. एकाएकी त्यानं माझा एक मफ हळूच उचलला आणि कानाशी वाकला. त्याच्या अंगाला मशीनच्या तेलाचा वास होता.

"टास्मानियातून बोलावणं आलंय. वर्षभर काम. खाणीची यंत्रं बनवतात. मला तिथे पहिल्यापासून जायचं होतं, पण... तू थांब म्हणालीस तर थांबतो. थांबू?"

लेथच्या घरघरीत माझं बोलणं त्याला ऐकू गेलं नसतं. मी त्याच्याकडे बघून दोन्ही भुवया उंच उचलल्या. इतक्या उंच मी कधी, कुणासाठी उचलल्या नव्हत्या.

मग त्यानं मफ परत माझ्या कानावर नीट ठेवला आणि आपल्या लेथकडे वळला.

लाजला असेल, मला वाटलं. मी सहा दिवस हवेत होते. आईला फोनवर सांगून टाकलं. "इसा, बिचारा! जेवतो तरी का नीट?" एवढंच तिनं विचारलं. म्हणजे तिला पसंत होता.

मंगळवारी वर्कशॉपच्या चहाला केक होता. त्यावर साखरेनं लिहिलं होतं — 'मारिनला शुभेच्छा.'

"कशाबद्दल?" मी विचारलं.

"टास्मानियाच्या कामावर सही करून टाकली ना त्यानं," कुणीतरी म्हणालं. "शनिवारी बोटीनं निघतोय."

मला काही समजेचना. मग विचारलं कशाला होतं? की त्याच्या 'थांबू'चाही काही उलटा अर्थ असतो या देशात? केकच्या पलीकडून तो माझ्याकडे बघून जरासा हसला. मी तोंड फिरवलं. बुधवारी गेलेच नाही. गुरुवारी एकटीनं लेथ लावली आणि रागाच्या भरात शाफ्ट इतका कापला की तो बुशमधून सरळ खाली पडला, पायावर.

शनिवारी दुपारी तो जॉब पुन्हा करत होते. ग्लेनिस दारात आली. "चहा घेणार का गं?"

मी मान वर केली आणि परत कामाला लागले.

"अगं, विचारतेय मी. चहा?"

मी परत बघितलं.

"हे काय मघापासून? नुसत्या भुवया काय उडवतेस? हो की नाही ते सांग ना!"

"दोनदा हो म्हणाले की!"

"कधी?"

"हे काय —" मी भुवया उचलून दाखवल्या आणि माझ्या हातातला पाना खाली पडला.

लेवुकात हाच 'हो' असतो. होस्टेलवर आम्ही सगळ्या फिजीच्या मुली, तिथेही हाच चालतो. तो फक्त आमच्याकडेच चालतो, असं मला कुणी सांगितलंच नव्हतं. माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या 'हो'चा ध चा मा झाला होता!

"ग्लेनिस, बोट किती वाजता सुटते?"

तिनं चष्मा डोळ्यांवर घेतला, माझ्याकडे नीट पाहिलं आणि खिशातून गाडीची किल्ली काढली. "चल, सोडते. आणि आधी ती लेथ बंद कर."

धक्क्याच्या फाटकाबाहेर बोटीत चढणाऱ्या गाड्यांची रांग लागली होती. बारीक पाऊस पडत होता. सातवी गाडी त्याची, मागच्या हौद्यात आजोबांच्या अवजारांची पेटी. मी काचेवर थाप मारली. त्यानं काच खाली केली.

"वासिती?... तू इथे?"

"मी हो म्हणाले होते!"

"कधी?"

सगळे हेच का विचारतात! मी भुवया उचलल्या. "हे. हे हो असतं. आमच्याकडे यालाच हो म्हणतात."

त्याचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. "मला वाटलं, तू म्हणतेयस — हा कोण टिकोजीराव लागून गेला, मला विचारणारा!"

"मला तू आवडतोस, मारिन. खूप. तुझ्यावर प्रेम आहे माझं. आता तोंडानं सांगतेय, पुन्हा घोटाळा नको."

पुढची गाडी सरकली. मागच्यानं भोंगा वाजवला. मारिनचा हात स्टिअरिंगवर होता. "सांग, आत्ता गाडी वळवतो. थांबू?"

माझं मन ओरडत होतं, थांब. पण मला पेटी दिसत होती. त्याला तिथे पहिल्यापासून जायचं होतं, हे त्यानंच माझ्या कानात सांगितलं होतं. मला तो हवा होता, पण माझ्यासाठी अडकून पडलेला नको होता.

"हो," मी म्हणाले. मग गाडीवरचा हात काढून घेतला. "हो... नाही."

त्यानं शेवटचा शब्द धरला. पहिलाही धरला, ते त्याच्या डोळ्यांत दिसलं. खिडकीतून हात काढून त्यानं माझ्या गालावरचं पाणी पुसलं. पाऊसच होता बराचसा.

मागून दुसरा भोंगा. फाटकावरचा माणूस हात हलवत ओरडू लागला. गाडी पुढे निघाली, काच वर गेली, आणि तेव्हा कुठे मला आठवलं की खरं विचारायचं ते राहूनच गेलं. मी शेजारून धावत ओरडले, "परत येशील ना?"

काचेतून त्याला ऐकू गेलं की ओठांवरून कळलं, कुणास ठाऊक. तो दोन्ही भुवया उचलायला गेला. त्याला सवय कुठली! कपाळाला आठ्या पडल्या, कान हलले, एक भुवई मागेच राहिली. मग त्यानं बोटानं तीही वर ढकलली आणि फाटकातून आत जाईपर्यंत तशीच धरून ठेवली.