बंद सर्व्हरवरून गेलेली मेल

सुट्टीचा दिवस होता. स्वयंपाकघरातला नळ कधीचा टिपटिपत होता आणि आज वॉशर बदलायचाच, असं मी बायकोला कबूल केलं होतं. नळ खोलून ओट्यावर ठेवला, तेवढ्यात ती फोन घेऊन आली.

"अहो, ऑफिसातल्या ताई आहेत. आवाज काही बरा वाटत नाही."

ताई म्हणजे आमच्या ऑफिसच्या प्रमुख. ज्यांना दुसऱ्याचा बोन मॅरो लागतो, त्यांच्यासाठी जगभरातून जुळणारा दाता शोधायचा, हे आमचं काम. माझं काम कॉम्प्युटर चालू ठेवण्याचं. म्हणून तिथे मला सगळे 'वैद्य' म्हणतात.

"वैद्य, मेल बंद पडलीय," ताई म्हणाल्या. "खालून जळकट वास येतोय. लगेच या."

"आणि नळ?" बायकोने विचारलं. मी चप्पल पायात सरकवताना तिच्याकडे बघायचं टाळलं.

ऑफिसात पोचलो तर बाहेरच्या बाकावर एक गृहस्थ बसले होते. मांडीवर लहान मुलीचा स्वेटर. मुलगी इस्पितळात, आणि हे तो स्वेटर घेऊन का आले होते, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. ताईंनी मला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. परदेशातल्या एका इस्पितळाने या मुलीसाठी दाता राखून ठेवला होता. "आम्हाला हवा" एवढं आमच्या अधिकृत पत्त्यावरून संध्याकाळपर्यंत कळवायचं. नाही कळवलं, तर दाता दुसऱ्या पेशंटकडे. ताईंनी फोन केला, तर तिकडची बाई गोड आवाजात म्हणाली, लेखी पाठवा. स्वतःच्या पत्त्यावरून मेल पाठवली, तर हा पत्ता आमच्याकडे नोंदलेला नाही, असं उत्तर आलं.

"होईल ना?" ताईंनी विचारलं.

"होईल," मी म्हणालो. काहीतरी म्हणायला हवंच होतं.

सर्व्हर तळघरात. खिडकी नाही, भिंतींना पोपडे, ओलसर गारवा. सर्व्हरचा पॉवर सप्लाय जळून काळा पडला होता आणि त्याने जाताना एक डिस्क सोबत नेली होती. सुदैवाने तीच माहिती दुसऱ्या डिस्कवरही असते. ती शाबूत दिसत होती. ट्रेनिंगच्या खोलीतलं एक मशीन खाली आणायचं, ही डिस्क त्यात बसवायची, मेलचा बिघडलेला साठा दुरुस्त करायचा, असा बेत मी मनाशी आखला. आधी तळघराची वीज मुख्य बटणावरूनच बंद केली. आणखी काही जळायला नको.

अशा खोलीत शांतता कधीच नसते. मशीनचे पंखे सतत घोंघावत असतात आणि आपल्याला ते ऐकू येत नाहीसे होतात. ते थांबले तेव्हा कळलं, ही खोली किती खोल आहे. तोंडात टॉर्च धरून मी दोन्ही डिस्क काढल्या आणि टेबलावर रुमाल पसरून त्यावर ठेवल्या. सर्व्हर आता नुसता पत्र्याचा रिकामा डबा होता.

तेव्हा ते ऐकू आलं.

टक... टक टक... टक... ठप्प.

कीबोर्डचा आवाज. कोणीतरी सावकाश टाइप करत होतं. मध्येच थांबत होतं, शब्द आठवत असल्यासारखं. मग पुन्हा टक टक, आणि दर शब्दानंतर स्पेसबारचा तो जड ठोका. वरून येत असेल, असं मी स्वतःला समजावलं. पण आवाज वरून येत नव्हता. सर्व्हर ठेवलेल्या कपाटाच्या मागून येत होता. मागे भिंत होती.

"कोण आहे?" टॉर्च हातात घेऊन मी विचारलं.

आवाज थांबला. कोणी मान वर करून बघावं, तसा. मग पुन्हा सुरू झाला.

टॉर्च हातातून सुटली. ती घरंगळत टेबलाखाली गेली. ती उचलायला मी वाकलो नाही. भिंत चाचपत जिन्याशी आलो. ताई पायऱ्या उतरतच होत्या.

"ताई... वर कोणी टाइप करतंय का?"

"वर कोण असणार? बाकावर ते बसलेत, बस..." त्या मधल्या पायरीवर थांबल्या. त्यांनाही ऐकू आलं. त्यांचा हात कठड्यावर आवळला.

"हे बाईंचं टायपिंग आहे," त्या अगदी हळू म्हणाल्या.

"कोणत्या बाई?"

"माझ्या आधी माझ्या टेबलावर होत्या त्या. घशाच्या आजाराने आवाज गेला होता त्यांचा. शेवटी शेवटी माझ्याशीसुद्धा मेलनेच बोलायच्या, बाजूला बसून... स्पेसबार असाच हाणायच्या. मी चिडवायचे, म्हणायचे, टेबल मोडेल हो..."

"मग त्या आता कुठे..."

"गेल्या ना. तुम्ही लागायच्या आधीच."

आम्ही दोघं जिन्यावर अंग चोरून उभे होतो. खालच्या काळोखात टाइप करणारी मात्र घाईत नव्हती. ती थांबली. जणू लिहिलेलं एकदा वाचून काढलं. मग एकच ठोका, नीट, ठाम. त्यानंतर काही नाही.

खरं सांगतो, मला पळून जायचं होतं. पण वर तो माणूस स्वेटर घेऊन बसला होता. ताईंनी त्यांच्या फोनचा उजेड लावला आणि माझ्या पुढे होऊन उतरल्या. "चला वैद्य," त्या म्हणाल्या. "घाबरायचं मग घाबरू."

कपाटामागे भिंत होती, नुसती भिंत. मी डिस्क घेतल्या आणि सगळं काम वर नेलं. दुसरं मशीन जोडलं, साठ्याची दुरुस्ती लावली. ती मुंगीच्या पावलांनी चालली. एकदा अडकली, पुन्हा पहिल्यापासून लावावी लागली. दारात ते गृहस्थ दोनदा येऊन न विचारताच परत गेले. खिडकीबाहेर रस्त्यावरचे दिवे लागले आणि मला कळलं, आपली मुदत टळून गेली. दुरुस्ती अजून चालूच होती.

मेल सुरू झाली तेव्हा मला आनंद झाला नाही. ताई खुर्ची ओढून बसल्या आणि दिवसभर बाहेर तुंबलेल्या मेल भराभर आत यायला लागल्या. त्यांनी अचानक माझं मनगट धरलं.

त्या परदेशी इस्पितळाची मेल होती. तुमची संमती वेळेत मिळाली, दाता तुमच्या पेशंटसाठी कायम केला आहे, पुढची तयारी करा. खाली आमच्या पत्त्यावरून गेलेली मूळ मेल जोडलेली होती. मुलीचं नाव बरोबर, केस बरोबर, तारखा बरोबर. शेवटचं वाक्य होतं : उशिराबद्दल माफ करा, पण आम्ही आहोत.

"बाई प्रत्येक मेल अशीच संपवायच्या," ताई म्हणाल्या आणि चेहरा ओंजळीत घेऊन रडायला लागल्या. मग रडता रडता हसायला लागल्या. बाकावरच्या माणसाला आत बोलावलं. त्याला काय झालं ते धड कळलं नाही, एवढंच कळलं की झालं. तो स्वेटर तोंडाशी धरून मटकन खाली बसला. मी त्याच्या शेजारी फरशीवर बसलो. इतकं हलकं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. घरी फोन केला. बायको म्हणाली, "या आता. बादल्या भरून ठेवल्यात." मी तर रस्ताभर हसत होतो.

नंतर मी सगळं तपासलं. आमच्या साठ्यात ती मेल गेल्याची नोंद नाही. ती ज्या वेळी निघाली, त्या वेळी दोन्ही डिस्क माझ्या रुमालावर पडल्या होत्या. मी ताईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "असू दे ना. मुलगी वाचली." आणि खरोखरच वाचली. परवा शाळेतही गेली म्हणे. तेव्हा तक्रार कसली करायची?

फक्त एक आहे. ऑफिसच्या पत्त्याच्या ड्राफ्टमध्ये हल्ली एक न पाठवलेली मेल दिसते. कोणी सुरू केली, कोणालाच माहीत नाही. पुसली की दुसऱ्या दिवशी परत असते. पत्त्याच्या जागी आधी एकच अक्षर होतं. माझ्या नावाचं पहिलं. ताई हसल्या, "त्या अक्षराचे आपल्याकडे बरेच आहेत."

काल सकाळी तिथे माझा पूर्ण पत्ता होता. मजकुराची जागा अजून कोरी आहे.